न उठणारें यंत्र : संगणकाच्या प्रारंभाची आणि त्यांतील विघ्नांची कथा

यंत्र जुनें होऊन बिघडलें तर त्याचें नवल कोणालाच वाटत नाहीं. झिजणें हा यंत्राचा धर्मच आहे. परंतु जें यंत्र काल रात्रीपर्यंत धडधाकट होतें, तेंच यंत्र सुधारण्याच्या हेतूनें केलेल्या फेरफारामुळें आज सकाळीं उठेनासें व्हावें, ही गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे. लॅपटॉप बाळगणाऱ्या पुष्कळ कुटुंबांवर हा प्रसंग कधीं ना कधीं येतो. रात्रीं यंत्रानें आपण होऊन कांहीं ‘ड्रायव्हर’ नवे करून घेतलेले असतात. सकाळीं कळ दाबली असतां दिवा लागतो, पंखा फिरतो, कारखानदाराचें बोधचिन्ह उमटतें. आणि त्यापुढें एक तर काळा पडदा राहतो, नाहीं तर निळ्या पडद्यावर चार अनाकलनीय शब्द. मुलाचा प्रबंध, घराच्या कर्जाचे कागद, निवर्तलेल्या वडिलांचीं छायाचित्रें, हें सर्व त्या बंद पेटींत असतें, आणि घरांतील मंडळींच्या तोंडचें पाणी पळतें.

अशा वेळीं जो पहिला जाणता भेटेल तो बहुधा सांगतो, “सगळें पुसून नव्यानें बसवूं या.” घरमालक घाबरलेला असतो. तो मान डोलावतो, आणि जें केवळ कुलुपाआड होतें तें खरोखरच नाहींसें होतें. वस्तुतः ड्रायव्हर बिघडल्यानें कागदपत्रें सहसा जात नाहींत. दार अडकलेलें असतें. घर जळालेलें नसतें. हा भेद ज्याला ठाऊक असेल त्याचें नुकसान टळतें. आणि हा भेद कळण्याचा सोपा मार्ग म्हणजे यंत्र उठतें कसें, व तें न उठल्यास काय करावें याचा शोध मनुष्यानें गेल्या सत्तर वर्षांत कसकसा लावला, हा इतिहास समजून घेणें.

संगणक सुरू होण्याला ‘बूट’ होणें असें म्हणतात. या शब्दाचा पायांतील बुटाशीं खरोखरच संबंध आहे. उंच बूट ओढून चढवितां यावा म्हणून त्याच्या कांठाशीं कातड्याचा एक फांस असतो. त्या फांसाला धरून आपण आपल्यालाच वर उचलणें, हा इंग्रजी भाषेंत अशक्य कोटींतील पराक्रमाचा वाक्प्रचार झाला. संगणकापुढील अडचण अगदीं याच जातीची आहे. आज्ञावलीवांचून संगणक एक पाऊलहि टाकूं शकत नाहीं. आज्ञावली तर तबकडीवर किंवा फितीवर पडलेली. आणि ती तेथून आंत आणावयाची म्हणजे पुन्हां आज्ञावलीच पाहिजे. मग पहिली आज्ञावली आणावी कोणीं? आय. बी. एम. कंपनीनें १९५२ सालीं जाहीर केलेल्या ७०१ या यंत्राला यासाठीं ‘लोड’ नांवाची एक कळ होती. ती दाबली कीं भोंकें पाडलेल्या पत्त्यावरून, चुंबकीय फितीवरून किंवा चुंबकीय पिंपावरून ३६ द्विमान अंकांचा पहिला शब्द आपोआप यंत्राच्या स्मृतींत येई. त्याच्या पाठोपाठ पुढील शब्द ओढले जात, आणि असें करतां करतां सबंध आज्ञावली आंत येई.

त्यानंतर वीस-बावीस वर्षांनीं, १९७५ सालच्या जानेवारींत, अमेरिकेंतील ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘ऑल्टेर ८८००’ हा हौशी मनुष्याच्या आवाक्यांतील संगणक झळकला. त्याच्या दर्शनी भागावर खिट्यांची ओळ होती. त्या खिट्या वरखालीं करून प्रारंभीच्या आज्ञा एकामागून एक हातानें भराव्या लागत. वीज गेली कीं यंत्र सर्व विसरे, आणि पुन्हां श्रीगणेशा करावा लागे. काम कंटाळवाणें खरें. पण त्यांत एक गुण होता. यंत्र कोणत्या पायरीवर अडखळलें, हें मालकाला ठाऊक असे, कारण प्रत्येक पायरी त्यानें स्वतःच्या बोटांनीं बांधलेली असे.

याच सुमारास गॅरी किल्डॉल या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञानें आपल्या ‘सी. पी. एम.’ या संचालन-प्रणालींत एक महत्त्वाची वांटणी केली. यंत्रागणिक जो भाग बदलावा लागतो, तेवढाच त्यानें निराळा काढला आणि त्याला ‘बायॉस’ असें नांव दिलें. बाकीची प्रणालि सर्व यंत्रांवर तीच; बदलावयाचा तो एवढा लहानसा भाग. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आय. बी. एम. नें आपला ‘पर्सनल काँप्यूटर’ बाजारांत आणला, तेव्हां त्याचा बायॉस न पुसल्या जाणाऱ्या स्मृतींत कायमचा कोरलेला होता. कळ दाबतांच तो प्रथम यंत्राची प्रकृति तपाशी. सर्व कांहीं ठीक असलें तर एकदांच बारीक आवाज करी. मग तबकडीवरचा ५१२ बाइटांचा पहिला तुकडा वाचून कारभार त्याच्या स्वाधीन करी. तो तुकडा पुढल्या मोठ्या आज्ञावलीला बोलावी. टप्प्याच्या डाकेंत एक जासूद आपली थैली पुढल्या जासुदाच्या हातीं देऊन मोकळा होतो, तसाच हा प्रकार. आजच्या लॅपटॉपांत बायॉसची जागा ‘यू. ई. एफ. आय.’ या नव्या व्यवस्थेनें घेतली आहे. परंतु थैली हातोहात पुढें जाण्याची रीति तीच आहे. म्हणून यंत्र उठत नाहीं अशी ओरड करण्यापूर्वीं थैली कोणत्या टप्प्यावर अडकली हें पाहिलें पाहिजे. बोधचिन्ह दिसलें याचा अर्थ आरंभीचे टप्पे पार पडले. वीज, स्मृति आणि पडदा हीं बहुधा शाबूत आहेत.

आतां ड्रायव्हर म्हणजे काय? शब्दशः तो सारथि. परंतु त्याचें काम पाहिलें तर त्याला दुभाष्या म्हणणें अधिक शोभेल. पडदा, तबकडी, ध्वनियंत्र, मुद्रणयंत्र, यांतील प्रत्येकाची भाषा निराळी, आणि त्या सर्व भाषा संचालन-प्रणालीला अवगत असणें शक्य नाहीं. म्हणून ज्या कारखान्यानें तें उपकरण घडविलें, तोच त्याच्याबरोबर आपला दुभाष्याहि पाठवितो. मार्च १९८३ मध्यें आलेल्या ‘एम. एस. डॉस’ च्या दुसऱ्या आवृत्तीनें या परक्या दुभाष्यांना रीतसर दार उघडून दिलें. ‘कॉन्फिग’ नांवाच्या एका साध्या यादींत नांव घातलें कीं काम झालें. या सोयीमुळें हजारों प्रकारचीं उपकरणें एकाच संगणकाला जोडतां येऊं लागलीं, हा लाभ थोडा नव्हे. परंतु परका मनुष्य एकदम देवघरांत आला, हेंहि तितकेंच खरें. यादींतील एखादा दुभाष्या बिघडलेला निघाला कीं प्रारंभच अडे. यादी सुधारावी तर यंत्र आधीं सुरू व्हावें लागे. या कोड्याला १९९३ सालच्या सहाव्या आवृत्तींत उत्तर मिळालें. सुरुवात होतांना ‘एफ ५’ ही कळ दाबली कीं सबंध यादी वगळली जाई. ‘एफ ८’ दाबली कीं यादींतील एकेका ओळीविषयीं विचारणा होई. युक्ति अगदीं साधी; परंतु पुढील सर्व उपायांचें बीज तिच्यांत आहे. अडचण आली असतां वरचा डोलारा बाजूला ठेवून केवळ पायावर उभें राहावें, हें तें बीज.

१९९३ सालींच मायक्रोसॉफ्टनें ‘विंडोज एन. टी.’ काढली. सामान्य आज्ञावलीनें चूक केली तर तिच्यापुरती तिलाच बंद करतां येतें. पण प्रणालीच्या गाभ्यांत बसलेल्या ड्रायव्हरनें चूक केली तर गाभ्याचाच भरंवसा उरत नाहीं. अशा वेळीं पुढें चालत राहून तबकडीवरील लेखांची नासाडी करण्यापेक्षां प्रणालि स्वतःहून थांबते. निळा पडदा तो हाच. लोक त्याला मृत्यूचा पडदा म्हणतात, पण त्याचा हेतु संरक्षणाचा आहे. याच संप्रदायांत दुसरी एक मोलाची कल्पना आली : यंत्र शेवटचें नीट सुरू झालें तेव्हांची मांडणी जपून ठेवावयाची आणि बिघाड झाल्यास तिच्याकडे परतावयाचें. २४ ऑगस्ट १९९५ रोजीं आलेल्या ‘विंडोज ९५’ नें ‘सेफ मोड’ ही सोय घरोघर पोंचविली. सेफ मोडमध्यें फक्त अत्यावश्यक दुभाषे बोलावले जातात. पडदा ओबडधोबड दिसतो, पण यंत्र उठतें. तें उठलें कीं निदान झालेंच : पाया पक्का आहे, दोष वरच्या पाहुण्यांपैकीं कोणाचा तरी आहे.

पाहुण्यांच्या या उपद्रवाचा जाहीर अनुभव खुद्द बिल गेट्स यांनाहि आला. २० एप्रिल १९९८ रोजीं शिकागो येथील कॉमडेक्स प्रदर्शनांत ‘विंडोज ९८’ चें प्रात्यक्षिक चाललें होतें. त्यांच्या सहकाऱ्यानें एक स्कॅनर यंत्राला जोडला, आणि भरसभेंत निळा पडदा उभा राहिला. अजून ही प्रणालि विक्रीस कां आलेली नाहीं तें यावरून दिसतें, अशा आशयाचा विनोद करून गेट्स यांनीं वेळ मारून नेली. विनोदाच्या मागील सत्य पुढें संशोधकांनीं मोजून दाखविलें. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं २००१ सालीं ‘लिनक्स’ प्रणालीची छाननी केली, तेव्हां ड्रायव्हरांतील चुकांचें प्रमाण गाभ्याच्या इतर भागांपेक्षां तिपटीपासून सातपटीपर्यंत अधिक आढळलें. २००३ सालीं वॉशिंग्टन विद्यापीठांतील संशोधकांनीं ‘विंडोज एक्स. पी.’ संबंधीं नमूद केलें कीं, त्या काळांत नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकीं शेंकडा ८५ ड्रायव्हरांमुळें होते. यांत कोणा एकाचा हलगर्जीपणा नाहीं. प्रणालि एक घर बांधतें आणि ड्रायव्हर शेंकडों कारखाने पाठवितात. प्रत्येकाची परीक्षा प्रत्येक यंत्रावर होणें अशक्यच असतें.

या अनुभवांतून उपायांची मालिकाच निघाली. २००० सालच्या ‘विंडोज एम. ई.’ मध्यें ‘सिस्टम रिस्टोअर’ आलें; फेरफारापूर्वीं प्रणालीच्या अवस्थेची नोंद ठेवून तेथपर्यंत मागें जाण्याची ही वाट. ऑक्टोबर २००१ मधील ‘एक्स. पी.’ नें एकट्या ड्रायव्हरला त्याच्या आधींच्या आवृत्तीवर परत नेण्याची सोय दिली. २००७ सालीं सामान्य ग्राहकांपुढें आलेल्या ‘व्हिस्टा’ च्या ६४ बिटी आवृत्तीनें स्वाक्षरीवांचून ड्रायव्हर गाभ्यांत घेण्याचें नाकारलें, आणि दुरुस्तीसाठीं एक स्वतंत्र लहानशी प्रणालि मुख्य प्रणालीच्या शेजारीं ठेवून दिली. मुख्य घर बंद पडलें तरी शेजारच्या खोलींतून त्यांत शिरतां यावें, ही त्यामागील योजना. स्वाक्षरीचा अर्थ मात्र नीट ध्यानांत घ्यावा. पत्र कोणाकडून आलें व वाटेंत तें बदललें नाहीं, एवढेंच स्वाक्षरी सांगते. पत्रांतील मजकूर बरोबर आहे कीं नाहीं, हें ती सांगूं शकत नाहीं.

लॅपटॉपच्या बाबतींत हें दुखणें अधिक नाजुक होतें. त्याचे भाग कारखान्यांतच एकमेकांशीं जुळवून बसविलेले असतात आणि दुभाषेहि त्या जुळणीला अनुसरून थोडे बदललेले असतात. पुष्कळ लॅपटॉपांत चित्रांसाठीं दोन वेगवेगळ्या चिपा असतात, आणि त्यांच्या ड्रायव्हरांचें एकमेकांशीं पटलें नाहीं कीं काळा पडदा दिसतो. तबकडीच्या नियंत्रकाचा ड्रायव्हर चुकला तर त्याहून कठीण : प्रणालि ज्या तबकडीवर राहते तीच तिला दिसेनाशी होते, आणि ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा इशारा देऊन ती थांबते. तबकडी मेली असें समजून लोक ती फेंकून देण्यास निघतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तो हा प्रकार.

२०१२ सालच्या ‘विंडोज ८’ पासून आणखी एक विचित्र अडचण उद्भवली. यंत्र इतक्या वेगानें उठूं लागलें कीं एफ ८ दाबण्यास एका सेकंदाच्या पांचव्या हिश्श्याइतकाहि अवधि उरला नाहीं. म्हणून ती जुनी कळ व्यवहारांतून गेली. तिच्या जागीं अशी व्यवस्था झाली कीं लागोपाठ प्रारंभ फसले तर यंत्रानें आपण होऊन दुरुस्तीच्या खोलीचें दार उघडावें. मालकाच्या बोटाजवळ असलेली किल्ली यंत्राच्या खिशांत गेली. पुढें २९ जुलै २०१५ रोजीं आलेल्या ‘विंडोज १०’ नें घरगुती यंत्रांना सुधारणा, ड्रायव्हरांसह, आपोआप देण्यास आरंभ केला.

हा अधिकार यंत्रकर्त्यानें बळकावला असें म्हणून मोकळें होणें न्यायाचें नव्हे. १२ मे २०१७ रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाचें खंडणीखोर आज्ञापत्र जगभर पसरलें व इंग्लंडांतील रुग्णालयांचे व्यवहारहि त्यानें अडविले. ज्या छिद्रांतून तें शिरलें, तें बुजविणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च रोजींच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधीं, दिलेली होती. ज्यांनीं ती बसविली नाहीं त्यांतील पुष्कळ बळी पडले. तात्पर्य, सुधारणा न घेणें हेंहि संकट, आणि घेणें हेंहि क्वचित् संकट. इकडे आड, तिकडे विहीर.

या दुसऱ्या संकटाचें विराट रूप जगानें १९ जुलै २०२४ रोजीं पाहिलें. ‘क्राउडस्ट्राइक’ ही अमेरिकन कंपनी मोठमोठ्या कचेऱ्यांच्या संगणकांना संरक्षण पुरविते. तिचा ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यांत बसतो व यंत्र उठतांनाच जागा होतो. त्या दिवशीं भारतीय वेळेप्रमाणें सकाळीं ९ वाजून ३९ मिनिटांनीं त्या ड्रायव्हरनें वाचावयाची माहितीची एक नवी फाइल जगभर पाठविली गेली. तिच्यांत २१ व्या रकान्याची तपासणी सांगितली होती. प्रत्यक्षांत रकाने २० च पुरविले जात होते. नसलेला रकाना वाचावयास ड्रायव्हर गेला आणि गाभा कोसळला. यंत्र पुन्हां सुरू करावें तर तोच ड्रायव्हर तीच फाइल पुन्हां वाची व पुन्हां कोसळे. स्वाक्षरी ड्रायव्हरवर होती. त्याला भरविलेल्या घासाची तशी परीक्षा झालेली नव्हती. कंपनीनें ७८ मिनिटांत ती फाइल मागें घेतली; तेवढ्या अवधींत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें, सुमारें ८५ लक्ष यंत्रें आडवीं झालीं. विंडोजवर चालणाऱ्या एकंदर यंत्रांच्या मानानें हा आंकडा शेंकडा एकाहूनहि कमी होता. परंतु तीं यंत्रें विमान-कंपन्यांचीं, पेढ्यांचीं, रुग्णालयांचीं होतीं. त्या एका दिवशीं जगांत पांच हजारांहून अधिक विमानफेऱ्या रद्द झाल्या. भारतांतील विमानतळांवर उतारूंना शाईच्या लेखणीनें लिहिलेले प्रवेशपास देण्यांत आले. घरगुती लॅपटॉप या तडाख्यांतून वांचले, कारण हें संरक्षण घरोघर नव्हतें.

या प्रसंगाची खरी शिकवण त्याच्या उपायांत आहे. जें यंत्र उठतच नाहीं, त्याला दूरवरून दुरुस्तीची आज्ञा कशी पोंचणार? कांहीं यंत्रें वारंवार सुरू करतां करतां नवी फाइल उचलून सांवरलीं. बाकीच्यांसाठीं एका माणसानें एका यंत्रापुढें बसावें, सेफ मोडमध्यें किंवा दुरुस्तीच्या खोलींत जावें, ड्रायव्हरांच्या कप्प्यांतील ती एक फाइल पुसावी, आणि पुढल्या यंत्राकडे वळावें, हाच मार्ग उरला. १९९३ च्या एफ ५ कळीमागील जुनी युक्तिच ३१ वर्षांनीं जगाच्या उपयोगी पडली. त्यांतहि एक मोठी अडचण आली. पुष्कळ तबकड्या ‘बिटलॉकर’ च्या कुलुपांत होत्या, व त्यांची ४८ अंकी किल्ली मागितली जाई. कित्येक ठिकाणीं त्या किल्ल्यांची यादीहि बंद पडलेल्या यंत्रांतच होती.

आतां घरचा लॅपटॉप उठेनासा झाला तर या इतिहासानें घालून दिलेला क्रम कोणता? पहिली गोष्ट, कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास गांठ पडावी, तसें तर झालें नाहीं ना हें पाहावें. सुधारणेनंतर बिघडलें म्हणजे सुधारणेमुळेंच बिघडलें असें नव्हे. बाहेर जोडलेलीं सर्व उपकरणें काढावीं आणि बोधचिन्ह उमटतें कीं नाहीं तें पाहावें. तेंहि उमटत नसेल तर दोष बहुधा यंत्राच्या अंगांत आहे, आणि तें जाणत्या कारागिराकडे न्यावें. बोधचिन्ह उमटून पुढें अडत असेल तर दोन-तीन वेळां प्रारंभ अर्ध्यावर कळ दाबून थांबविला असतां दुरुस्तीची खोली उघडते. तेथून सेफ मोडमध्यें जावें. यंत्र उठलें तर प्रथम महत्त्वाच्या कागदपत्रांची नक्कल बाहेरच्या तबकडीवर घ्यावी. मग जो ड्रायव्हर नुकताच बदलला असेल, त्याला मागील आवृत्तीवर न्यावें. सेफ मोडहि उठत नसेल तर त्याच खोलींतून ताजी सुधारणा काढून टाकावी, किंवा सिस्टम रिस्टोअरनें आधींच्या तारखेकडे परतावें. एका वेळीं एकच उपाय करावा, म्हणजे गुण कशानें आला हें कळतें. सर्व पुसून नव्यानें मांडणें हा या क्रमांतील शेवटचा उपाय. आणि तोहि नक्कल हातीं आल्यावांचून करूं नये. आंतून यंत्र उठत नसलें तरी बाहेरच्या प्रणालीवरून सुरू करून, किल्ली असल्यास, तबकडीवरील लेख बहुधा वांचवितां येतात.

२०२४ च्या आपत्तीनंतर कारखानदारहि शहाणे झाले. क्राउडस्ट्राइकनें आपल्या फाइली सर्वांना एकदम न पाठवितां टप्प्याटप्प्यानें पाठविण्याची पद्धति स्वीकारली. मायक्रोसॉफ्टनें २०२५ सालीं ‘विंडोज ११’ मध्यें अशी सोय आणली कीं प्रारंभ वारंवार फसल्यास दुरुस्तीच्या खोलीनेंच इंटरनेटवरून उपाय शोधून आणावा. निळा पडदाहि त्याच वर्षीं काळा झाला. या सुधारणा उपयुक्त आहेत. परंतु प्रत्येक सुधारणेबरोबर यंत्र स्वतःची काळजी स्वतः अधिक घेऊं लागतें आणि मालकाला त्याच्या अंतरंगाची माहिती कमी उरते, हें सत्तर वर्षांचें सूत्र यांतहि कायम आहे. नव्या लॅपटॉपांपैकीं पुष्कळांची तबकडी मालकाच्या नकळत आरंभापासून कुलुपबंद असते, आणि तिची किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यांत पडलेली असते. त्या खात्याचें नांव व परवलीचा शब्द विसरला, तर ज्या कुलुपानें चोराला बाहेर ठेवावयाचें तेंच धन्याला बाहेर ठेवतें.

म्हणून यंत्र चालू आहे तोंवरच, एखाद्या निवांत रविवारीं, तीन गोष्टी करून ठेवाव्या. ४८ अंकांची किल्ली कागदावर उतरून घराच्या इतर महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावी. कागदपत्रांची व छायाचित्रांची एक नक्कल यंत्राबाहेर असावी. आणि दुरुस्तीसाठीं प्रणालि भरलेली एक यू. एस. बी. कांडी तयार करून तिच्यावर चिठ्ठी चिकटवावी. या तिन्हींना मिळून एका दुपारहून अधिक वेळ लागत नाहीं. आणि त्या झाल्या म्हणजे काळ्या पडद्यापुढें बसलेल्या माणसाला ‘सगळें पुसूं या’ म्हणणाऱ्याला शांतपणें थांबवितां येतें.